हाऊजीच्या तिकिटाखाली फिरणारी पाच चाकं : सांगली-मिरज-कुपवाडच्या मंडळांना खुलं पत्र

प्रति,
सांगली, मिरज आणि कुपवाडमधली सार्वजनिक गणेशोत्सव मंडळं, महिला मंडळं आणि हाऊसिंग सोसायट्यांचे पदाधिकारी यांस,

सप्रेम नमस्कार.

वर्गणीची पावतीपुस्तकं छापायला गेली असतील. मांडववाला, ढोल-ताशा पथक, कमानीवरच्या जाहिराती यांची बोलणी चालू असतील. या बोलण्यांमध्ये आता एक नवा गडी शिरतो आहे, म्हणून हे पत्र आत्ताच लिहिते आहे. आमच्या भागातल्या एका मंडळाला निरोप आला : 'तुमची हाऊजी आमच्या ॲपवर घ्या, बक्षिसं आमच्याकडून, तुम्ही फक्त तुमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आमची लिंक टाका.' पोरांनी लिंक मला दाखवली. आत हाऊजी नव्हतीच. पंचवीस घरांचं एक तिकीट होतं आणि त्याच्याखाली फिरणारी पाच चाकं. कंपनीचं नाव नाही, पत्ता नाही, पैसे भरायला मात्र क्यूआर कोड तयार.

मी शाळेत गणित शिकवायचे, आणि आमच्या कॉलनीच्या गणपतीत आकडे पुकारायचं काम अजून माझ्याकडेच आहे. त्यामुळे या खेळात मला जरा जास्तच रस वाटला. 'जुगार वाईट' एवढंच सांगायचं असतं तर तुमचा वेळ घेतला नसता. ते पोलीसही सांगतात आणि कीर्तनकारही. माझं म्हणणं वेगळं आहे. या खेळाने तोंडावळा हाऊजीचा घेतला आहे आणि हिशोब स्लॉट मशीनचा, म्हणजे कॅसिनोतल्या पैसे लावून चाकं फिरवायच्या यंत्राचा, ठेवला आहे. तोंडावळा ओळखीचा असल्यामुळे तो तुमच्या हातून घराघरात जाणार आहे. तेव्हा आधी त्याचा हिशोब बघा.

या खेळाचं मूळ नाव स्लिंगो. अमेरिकेतल्या न्यू जर्सीच्या साल फाल्सिग्लिया या घरबांधणीच्या धंद्यातल्या माणसाने १९९४ च्या सुमारास तो काढला. पुढे एओएलवर, म्हणजे त्या काळच्या अमेरिकेतल्या घरगुती इंटरनेटवर, लोक तो गुणांसाठी खेळायचे. २०१५ मध्ये लंडनच्या गेमिंग रिअल्म्स कंपनीने तो विकत घेतला आणि पैसे लावून खेळायच्या आवृत्त्यांचा धंदा उभा राहिला. तिकडे तो परवाना घेऊन, नियामकाच्या डोळ्यांसमोर चालतो. आपल्या ग्रुपवर येतं ते त्याचं अनुकरण, आणि त्याच्यावर डोळा कोणाचाच नाही.

आपल्या हाऊजीच्या तिकिटावर तीन ओळी, नऊ रकाने आणि पंधरा आकडे असतात. पुकारा १ ते ९० मधून. इथे अमेरिकन बिंगोची चौकट आहे : पाच बाय पाच, पंचवीस घरं, आकडे १ ते ७५. पहिल्या उभ्या रकान्यात १ ते १५ मधले कुठलेही पाच, दुसऱ्यात १६ ते ३० मधले, असं करत शेवटच्यात ६१ ते ७५ मधले. पुकारणारं कोणी नाही. प्रत्येक रकान्याखाली एक चाक. बटण दाबलं की पाचही फिरतात, थांबतात, आणि चाकावरचा आकडा वरच्या रकान्यात असला तर तो आपोआप खोडला जातो. आडवी, उभी किंवा तिरकी रेष पुरी झाली की बाजूच्या बक्षिसांच्या शिडीवर तुम्ही एक पायरी वर. पाच आडव्या, पाच उभ्या, दोन तिरक्या अशा बारा रेषा. सगळी चौकट भरली तर फुल हाऊस. मधूनच चाकावर जोकर येतो, मग त्या रकान्यातलं हवं ते घर खोडा. सुपर जोकर आला तर चौकटीतलं कुठलंही. कधी सैतान येतो आणि ते चाक वाया जातं. ठरलेल्या फेऱ्या, बहुधा दहाच्या आसपास, संपल्या की प्रश्न येतो : आणखी एक फेरी विकत घेणार?

जोकर आला की कुठलं घर खोडायचं हे खेळणारा ठरवतो, म्हणून 'हा डोक्याचा खेळ आहे' असं सांगतात. डोकं लागतं, पण किती ते बघा. मधलं घर चार रेषांवर असतं, तिरक्या रेषांवरची बाकीची घरं तीन रेषांवर, उरलेली दोन. हे कळायला एक संध्याकाळ पुरे. त्यानंतर डोक्याला काम उरत नाही. चाक कुठे थांबायचं ते संगणकातला यादृच्छिक आकडा ठरवतो, आणि आधीच्या फेरीत काय झालं हे त्याच्या गावीही नसतं.

आता खरी गंमत. दहावीच्या पुस्तकात 'संभाव्यता' नावाचं प्रकरण आहे, तुमच्या मंडळातल्या निम्म्या पोरांनी ते ऑप्शनला टाकलेलं असतं. तेवढ्याच गणितात हे बसतं. जोकर आणि सैतान बाजूला ठेवा, चाकावर पंधरा आकडे सारख्याच संधीने येतात असं धरा, आणि फेऱ्या दहा.

सुरुवातीला रकान्यात पाचही आकडे उघडे असतात. एका फेरीत त्यातला एखादा लागायची शक्यता पंधरात पाच, म्हणजे तिनात एक. असे पाच रकाने. पहिल्या फेरीलाच सरासरी दीडपेक्षा जास्त घरं खोडली जातात. माणसाला वाटतं, आज हात चालतोय. पण घरं भरतात तशी उघडी घरं कमी होतात, आणि रकान्यात एकच आकडा उरला की तो लागायची शक्यता पंधरात एक. वेग कमी होतो, तो माणसाचं नशीब फिरलं म्हणून नाही. चौकटच तशी आखलेली आहे.

एखादा ठरावीक आकडा दहा फेऱ्यांत एकदाही न येण्याची शक्यता किती? चौदा छेद पंधराचा दहावा घात. मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर करून बघा, ०.५० येतं. म्हणजे दहा फेऱ्यांनंतर प्रत्येक घर खोडलेलं असण्याची शक्यता जवळपास निम्मी, आणि पंचवीसपैकी बारा-तेरा घरं भरलेली. माझ्यासारख्या गणिताच्या बाईलाही हे उत्तर इतकं नेमकं निघेल असं वाटलं नव्हतं.

पुढे चला. एक आडवी रेष पुरी व्हायला पाचही घरं लागायला हवीत : अर्ध्याचा पाचवा घात, बत्तिसात एक. तीच रेष एकाच घराने अडकून राहण्याची शक्यता बत्तिसात पाच, कारण अडकणारं घर पाचांपैकी कुठलंही असू शकतं. पाच आडव्या आणि दोन तिरक्या अशा सात रेषा धरा (उभ्या रेषांचं गणित थोडं निराळं पडतं, ते सोडून देऊ). पुऱ्या होणाऱ्या रेषा सरासरी बत्तिसात सात, म्हणजे पाच डावांत मिळून साधारण एक. आणि एका आकड्यावाचून अडकलेल्या रेषा? बत्तिसात पस्तीस. म्हणजे प्रत्येक डावाच्या शेवटी सरासरी एकाहून जास्त.

हे पुन्हा वाचा. यंत्र पूर्ण प्रामाणिक आहे, कोणी चाक धरून ठेवलेलं नाही, तरीही 'लागली' या आनंदाच्या पाचपट वेळा 'फक्त एका आकड्याने राहिली' ही हळहळ पदरात पडणार. खऱ्या खेळात जोकरमुळे हे आकडे थोडे सरकतात, घाट तोच राहतो. आणि नेमक्या त्या हळहळीच्या क्षणी पडद्यावर जादा फेरीचं बटण येतं. मूळ स्लिंगोत त्या जादा फेरीची किंमतही ठरलेली नसते. चौकट जितकी भरलेली आणि पुढचं बक्षीस जितकं मोठं, तितकी फेरी महाग. हवा असतो एक आकडा, तो लागायची शक्यता पंधरात एक. पण डोळ्यांना पाचपैकी चार घरं भरलेली दिसतात, आणि मन ऐंशी टक्के काम झालं असं धरून चालतं.

आमच्या ओळखीतल्या एकीला मी हा खेळ खेळताना शेजारी बसून पाहिलं. तिनेच बसवलं होतं, कौतुकाने दाखवायला. दहा रुपयांचा डाव. एक रेष लागली, चार रुपये मिळाले. पडद्यावर नाणी उडाली, टाळ्या वाजल्या, 'अभिनंदन' आलं. ती म्हणाली, 'बघा बाई, लागली!' दहा गेले होते आणि चार परत आले होते. सहा रुपयांच्या तोट्यावर वाजणाऱ्या या टाळ्या तिकडच्या लोकांच्या केव्हाच लक्षात आल्या आहेत. ब्रिटनच्या नियामकाने ३१ ऑक्टोबर २०२१ पासून ऑनलाइन स्लॉटमध्ये लावलेल्या रकमेइतके किंवा त्याहून कमी पैसे परत आले तर जल्लोष करायला बंदी घातली. त्याच वेळी आपोआप फिरत राहणारी चाकं बंद केली आणि दोन फेऱ्यांमध्ये किमान अडीच सेकंदांचं अंतर सक्तीचं केलं. २०२५ मध्ये एका फेरीला लावायच्या रकमेवरही मर्यादा आली : पाच पौंड, आणि १८ ते २४ वयाच्या मुलांना दोन पौंड. ज्या देशात हा धंदा कायदेशीर आहे तिथे एवढे लगाम घालावे लागले.

ही बाई मटक्याच्या टपरीवर कधी उभी राहिली नसती. तिच्या घरात पत्त्यांचाही जोड नाही. पण पडद्यावर तिकीट दिसलं, रेषा दिसल्या, फुल हाऊस दिसलं, आणि हळदीकुंकवाला खेळतो तोच हा खेळ असं तिला वाटलं. भिशीचे पैसे त्यात गेल्यावरही ती 'जुगारात गेले' म्हणत नव्हती, 'हाऊजीत गेले' म्हणत होती.

तुमच्यातला कोणी चलाख खजिनदार आता विचारेल, 'बाई, आपली हाऊजी तरी काय वेगळी?' प्रश्न रास्त आहे, आणि त्याचं उत्तर मी झाकून ठेवणार नाही. समजा, वीस रुपयांची शंभर तिकिटं खपली. दोन हजार जमले, दीड हजारांची बक्षिसं वाटली, पाचशे मंडळाला राहिले. म्हणजे शेकडा पंचवीस कापले! परवाना असलेल्या स्लिंगोत खेळणाऱ्यांना सरासरी शंभरातले पंचाण्णवच्या आसपास परत मिळतात, म्हणजे कापले जातात पाच. टक्केवारीवर गेलं तर आपणच जास्त कापतो.

पण टक्का कशावर आणि किती वेळा, हे विचारायला हवं. मार्केट यार्डात हळदीचे आणि बेदाण्याचे सौदे बघत मोठे झालेले आपण. अडत किती एवढंच विचारून कोणी माल सोडत नाही, तोलाई, हमाली आणि पट्टी कधी हातात पडणार हेही विचारतो. आपल्या हाऊजीचा एक डाव अर्धा तास चालतो. मधे कोणीतरी चुकीचा क्लेम करतं, त्याची थट्टा होते, लहान पोरं आकडा ऐकू आला नाही म्हणून ओरडतात, भडंगाची पिशवी फिरते. तासाभरात दोन डाव, चाळीस रुपये, त्यातले सरासरी दहा मंडळाकडे. बक्षिसं फळ्यावर आधी लिहिलेली. नव्वदचा पुकारा झाला की सगळ्यांना ऐकू येतं. दहा वाजता वॉचमन दिवे घालवायला येतो.

फोनवर एक डाव दीड मिनिटात उरकतो. तासाला चाळीस. वीस रुपयांप्रमाणे आठशे रुपये चाकाखालून जातात. ती रक्कम खिशातून वेगळी काढलेली नसते, तीच तीच जिंकून पुन्हा लावलेली असते, म्हणून जाणवत नाही. आठशेवर पाच टक्के म्हणजे चाळीस रुपये, हाऊजीच्या चौपट. आणि हे जादा फेऱ्या न घेता, रक्कम न वाढवता. रात्री अकराला दिवे घालवणारं तिथे कोणी नाही. पंचाण्णव टक्के परत मिळतात याचा अर्थ हजार रुपये घेऊन बसलेल्याकडे साडेनऊशे उरतात असा नाही. प्रत्येक फिरवणीला पाच टक्के जातात, आणि हजार रुपये वीस वेळा फिरवले की सरासरीने कापले जाणारे पैसे मूळ हजाराएवढे होतात.

हाही हिशोब चोख यंत्राचा. ब्रिटनमध्ये ते पंचाण्णव प्रयोगशाळेत तपासलेले असतात. आपल्या क्यूआर कोडमागचं यंत्र पंचाण्णव देतं की साठ, हे तपासायला कोणी जात नाही. रकान्यातला राहिलेला एकच आकडा त्या चाकावर ठेवलेलाच नसला तरी खेळणाऱ्याला कळणार कसं? माझ्या पिशवीतले नव्वद ठोकळे कोणीही येऊन मोजू शकतं, आणि आमच्याकडच्या एक आजी दरवर्षी मोजतातही.

कायद्याचं थोडक्यात सांगते, कारण ते मंडळाच्या अंगावर येऊ शकतं. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा मंजूर केला. २२ ऑगस्टला राष्ट्रपतींची सही झाली. पैशांच्या ऑनलाइन खेळांत दरवर्षी सुमारे ४५ कोटी लोक मिळून वीस हजार कोटी रुपये घालवतात, असा अंदाज त्या वेळी सरकारकडून मांडला गेला. पैसे लावून, पैसे मिळण्याच्या आशेने खेळायचा ऑनलाइन खेळ, मग तो कौशल्याचा असो, नशिबाचा असो की दोन्हींचा, या कायद्याने बंद केला. 'जोकर कुठे लावायचा हे डोक्याचं काम' ही पळवाट तिथेच संपली. खेळणाऱ्याला शिक्षा नाही. असा खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड आहे. आणि तुमच्या कामाचं कलम हे : जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास लाखांपर्यंत दंड. कमानीवरचा फ्लेक्स, तिकिटाच्या मागची छपाई, ग्रुपवरची लिंक, यातलं जाहिरात काय ठरेल हे आपल्या ओळखीच्या वकिलाला विचारा. विसर्जनानंतर नको, आत्ताच. पैसे न लावता, निव्वळ करमणुकीसाठी खेळायचे खेळ या बंदीत येत नाहीत, हेही खरं. तेव्हा नातवाच्या फोनमधला प्रत्येक रंगीत खेळ पुसायला धावू नका. बघायचं एवढंच : पैसे आत जातात का, आणि बाहेर यायची आशा दाखवली आहे का.

आणखी एक, खास कॉलेजातल्या कार्यकर्त्यांसाठी. या धंद्याला पैसे फिरवायला बँक खाती लागतात आणि ती भाड्याने मागितली जातात. 'खातं दे, कार्ड दे, महिन्याला इतके देतो.' देऊ नका. पैसा कोणाचाही असो, खातं गोठतं ते तुमच्या नावाचं, आणि चौकशीचा फोनही तुमच्याच घरी येतो. फसवणूक झालीच असेल तर १९३० हा सायबर गुन्ह्यांचा मदत क्रमांक आहे. जितक्या लवकर कळवाल तितकी रक्कम अडवली जाण्याची आशा जास्त.

आता माझी मागणी. अशा ॲपचे पैसे घेऊ नका, बक्षिसाच्या रूपातही नाही. पंचवीस कुकर आणि एक एलईडी टीव्ही यांच्या बदल्यात ॲपवाला तुमच्या ग्रुपमधली चारशे घरं विकत घेतो आहे. ग्रुपवर लिंक आली तर ॲडमिनने ती नुसती पुसू नये, का पुसली ते दोन ओळींत लिहावं. नाहीतर लोक ती दुसरीकडून मागवतात. आणि हाऊजी कागदावरच घ्या. किती तिकिटं खपली, बक्षिसं किती, मंडळाला किती राहिले, हे फळ्यावर लिहा. कायद्याने तुमची वीस रुपयांची हाऊजी कुठे बसते हेही त्याच वकिलाला विचारा, आणि तो म्हणाला तर तिकीट फुकट ठेवून बक्षिसं वर्गणीतून द्या. खजिनदाराला हे रुचणार नाही याची मला कल्पना आहे.

शेवटची मागणी जरा हौसेची. आपल्याकडे देखाव्यांची कमी नाही, नाटकवाल्यांचं गाव आहे. त्यात एका कोपऱ्यात दोन बाय दोन फुटांचं एक टेबल मला द्या. पंचवीस घरांचा एक पुठ्ठा, पाच डबे, प्रत्येक डब्यात पंधरा चकत्या. येणाऱ्याने प्रत्येक डब्यातून एक चकती काढायची, आकडा जुळला तर घरावर चिंचोका ठेवायचा, चकती परत डब्यात टाकायची. असं दहा वेळा. पैसे नाहीत, बक्षीस नाही. शेवटी पुरी झालेली रेष असेल तर एका वहीत खूण, आणि एका चकतीवाचून अडकलेली असेल तर दुसऱ्या वहीत. दहाव्या दिवशी दोन्ही वह्यांतल्या खुणा माइकवरून वाचून दाखवायच्या, बस्स. बत्तिसात सात आणि बत्तिसात पस्तीस हे मी शंभर वेळा सांगितलं तरी कोणाला पटणार नाही. दहा फेऱ्या स्वतःच्या हाताने काढून शेजारच्या वहिनींनी अकरावी मागितली की मग बोलता येईल.

पुठ्ठा आणि डबे मी आणते. चकत्या पंच्याहत्तर लागतील, जाड पुठ्ठ्याच्या, रुपयाच्या नाण्याएवढ्या, सगळ्या एकाच मापाच्या. त्या तुमच्या पोरांकडून कापून घ्या, आणि आकडे मराठीतच घाला.

आपली,
एक निवृत्त गणित शिक्षिका
विश्रामबाग, सांगली